हिप्परग्याचा फोटो

रविवारी सकाळी मल्लिनाथ रिक्षाचा हॉर्न वाजवत नाही,
कोपऱ्यावर वळतानाच टॉवेल भुंकून सांगतो.

टॉवेल म्हणजे आमचा कुत्रा.
तेरा वर्षांपूर्वी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
सेकंड मालाच्या गठ्ठ्यात सापडला.
नानांनी बनियनमध्ये घालून सायकलवरून आणला.
आईनं विचारलं, काय आणलाव?
नाना म्हणाले, टॉवेल.
नाव तिथंच पडलं.

रिक्षात मागं मी, आई, लावण्या, तेजा,
आणि चेपून बसलेली मल्लिनाथची सुमंगला,
मांडीवर कडक भाकऱ्यांची चळत,
शेंगाचटणीची पुडी, फडकं बांधलेलं दही.
तेजाच्या गळ्यात माझा कॅमेरा,
एक स्टुडिओ बंद पडला तेव्हा सहा हप्त्यांत घेतलेला.
पट्ट्यावर कुणाच्या लग्नातली हळद आहे,
धुतली तरी जात नाही.

नाना पुढं, मल्लिनाथच्या अर्ध्या सीटवर,
त्यांच्या मांडीवर टॉवेल.

चाळीस वर्षं मागांच्या खटखटाटात उभं राहून
नानांचे कान गेले. एकदम नाही.
आधी कोकिळा गेली, मग कुकरची शिट्टी,
मग आईची हाक.
(आई म्हणते, ती तर लग्नापासूनच पोचत नव्हती.)
टॉवेलचे डोळे गेल्या उन्हाळ्यापासून
ताकासारखे झालेत. तो पायरी हुंगून उतरतो.

तलावावर रोहित पक्षी आलेत, असं मल्लिनाथ
दर रविवारी छातीठोक सांगतो.
दर रविवारी ते पलीकडच्या काठाला असतात,
कुणी गुलाल सांडल्यासारखे.
तेजा चाळीस फोटो काढतो, त्यात एकोणचाळीस पाण्याचे.
सुमंगला म्हणते, हे काय काढलालास बे, आंघोळीची बादली?

मग जेवण. मग हात धुऊन सगळ्यांचा एक फोटो,
बांधावर, उन्हाकडं पाठ नको म्हणून डोळे बारीक करून.
आधीच्या सगळ्या फोटोंत नाना बिनसलेले:
तोंड उघडं, नाहीतर नजर आमच्याकडं,
"काढला का?" विचारताना पकडलेले.
या वर्षी मात्र प्रत्येक फोटोत
हनुवटी वर, शर्टाचं बटण लागलेलं, अगदी पासपोर्टसारखे.
मला वाटलं, जमलं त्यांना अखेर.

मागच्या रविवारी पक्षी उडतात म्हणून
तेजानं कॅमेऱ्याचा आवाज बंद केला.
फोकस लागताना पीप् होतं ना, ते.
त्या दिवशी एकही फोटो धड आला नाही.
नाना चपलेकडं बघतायत,
टॉवेल भलत्याच दिशेला, मल्लिनाथच्या रिक्षाकडं.

रात्री भांडी झाल्यावर मी जुने फोटो मोठे करून बघितले,
एकेक, बोटांनी ताणून.
प्रत्येकात नानांचा उजवा हात टॉवेलच्या मानेवर.
पीप् झालं की टॉवेलचे कान उभे राहतात,
मान आवाजाकडं वळते,
आणि तेवढ्या हालचालीवर, तळव्याखालच्या केसांवरून,
नानांना कळतं: आता.

कुणीच कुणाला शिकवलं नव्हतं.
मी आईला दाखवलं. आईनं चष्मा शोधला, बघितलं,
"बोटं बघ कशी ठेवलीत," म्हणाली.
तुटका धागा जोडायला
सुतावर ठेवायचे तशी.

आज परत बांधावर उभे आहोत.
सुमंगलाच्या पदराला दही लागलंय,
लावण्याला मैत्रिणीकडं जायचंय, ती घड्याळ बघतेय.
रोहित नेमके आज अलीकडं आलेत,
इतके जवळ की पाय मोजता येतील.
तेजा कुजबुजतो, आई, आवाज बंद करू?
उडतील बघ सगळे.

उडू दे की बे.